पत्र्यावरचे रविवार

"आदीच सांगू नगंस गं, बघू दे मला," सोमनाथ कुरकुरला, आणि रत्नाच्या हातातली पावट्याची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. ती त्याच्या खुर्चीमागे हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर ताट, शेजारी टरफलांचा ढीग. गेल्या पाऊण तासात तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. टीव्हीवर त्या जुन्या मालिकेतले केळशीकर, निवृत्त पोस्टमास्तर, कुणाच्यातरी बैठकीत पाणी पीत बसले होते आणि पाणी आणून देणाऱ्या सुनेच्या हाताकडे बघत होते. चोर कोण ते कळायला अजून अवकाश होता. सोमनाथने बोलताना मान वळवली होती, पण मागे रत्नाकडे नव्हे. डावीकडे, कॉटकडे. कॉटवर इस्त्रीला द्यायचे कपडे होते आणि त्याच्या चष्म्याचा डबा. इस्त्रीच्या कपड्यांना कुणी असं लाडात येऊन सांगतं का, आदीच सांगू नगंस म्हणून? त्याला स्वतःलाही आपण बोललो हे कळलं नसावं. तो पुन्हा पुढे वाकला, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा. रत्नाने शेंग सोलली. दाणा किडका निघाला. तो तिने टरफलांत टाकायचा तर ताटात टाकला, आणि मग तो किडका दाणा शोधत ती बराच वेळ ताट चिवडत राहिली.

असं आधीच सांगणारी बाई या घरात एकच होऊन गेली होती. सगुणा. रत्नाची थोरली बहीण आणि सोमनाथची पहिली बायको. तेहतीस वर्षं झाली तिला जाऊन. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत गेली, मागे अडीच वर्षांची वैष्णवी ठेवून. वर्ष उलटल्यावर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली आणि पोरीला मावशीच्याच ओटीत घातलेलं बरं, असं ठरलं. पोरीसाठी ठरलेलं लग्न ते. रत्नाला कुणी विचारलं नाही आणि तिने नको म्हटलं नाही. नको का म्हटलं नाही, हेही कुणी विचारलं नाही. देव्हाऱ्यात देवांच्या ओळीच्या टोकाला सगुणाचा चांदीचा टाक आहे, नखाएवढ्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा मान राखायचा असतो. घरात नवी साडी आली की आधी टाकापुढे ठेवायची, हळदीकुंकू वाहायचं, मग आपण नेसायची. आई कामथडीहून मुद्दाम येऊन बजावून गेली होती, की सवत म्हणायचं नाही, बहीण आहे तुझी. आणि नाव घ्यायचं नाही, पोर विचारत बसेल. तेव्हापासून ती घरात नुसती 'मोठी' झाली. मोठीचं श्राद्ध, मोठीची पेटी, मोठीच्या वेळचा पाटा. रत्नाने ते सगळं निगुतीने केलं. फक्त बत्तीस वर्षं आपण प्रत्येक साडी कुणीतरी आधी नेसून झाल्यावर नेसतोय, असं तिला अधूनमधून वाटायचं, आणि वाटलं की ती स्वतःलाच दटावायची, की चांदीच्या पत्र्याचा कसला हेवा करतेस बाई.

ही मालिका घरात आणली वैष्णवीने. ती पुण्यात धायरीला असते, दिवाळीला येताना भला मोठा टीव्ही घेऊन आली. भोर तालुक्यात ज्या माणसाने घरोघर टीव्ही जोडून दिले, त्याच्या घरी लेकीने टीव्ही जोडून दिला याचं सोमनाथला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. एके काळी एसटी स्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलला अँटेना आडवी बांधून तो भोंगवलीपासून पालीपर्यंत जायचा. अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायचं, तिथे दूरदर्शनचा मनोरा. पालीला राजगड आडवा यायचा, मग बांबूला बांबू जोडत उंच न्यायची. वर एक माणूस दांडा फिरवणार, खाली एक खिडकीतून ओरडणार, आलं, गेलं, जरा मागं, हां तितंच. अशा रीतीने वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसांनी पहिल्यांदा चित्र पाहिलं ते सोमनाथच्या हाताने. आता दुकानाच्या जागी एक जण मोबाईलच्या काचा बदलतो आणि सोमनाथ त्याच्याकडे भाडं घ्यायला जातो तेव्हा उगीच तासभर बसून येतो. तर वैष्णवीने त्या टीव्हीत काहीतरी दाबलं आणि म्हणाली, बाबा, हे बघा, तुमचे केळशीकर. सव्वीसच्या सव्वीस भाग. सोमनाथ उठून उभाच राहिला. रत्ना स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. तिच्या मनात आलं ते एवढंच, की हिला कसं माहीत? म्हणजे यांनी कधीतरी लेकीला सांगितलंय. कुठल्यातरी एसटीच्या प्रवासात, नाहीतर फोनवर, माझ्या माघारी. मोठीचं नाव न घेता मोठीचं सांगायची काहीतरी युक्ती बापलेकीने काढलीय.

मालिका चांगली होती, यात वाद नाही. इतकी चांगली की रत्नाचा त्याने अधिकच जळफळाट झाला. टाकाऊ असती तर त्यांच्या आठवणीला नाव तरी ठेवता आलं असतं. केळशीकर कधी धावत नाहीत, पिस्तूल काढत नाहीत. काखेत छत्री, गळ्यात मफलर. ज्या घरी चोरी झाली त्या घरी जाऊन ते आधी पाणी मागतात. पाणी कोण आणतं, कुणाच्या सांगण्यावरून आणतं, तांब्या देताना कोण कुणाकडे बघतं, एवढ्यावरून त्यांना घर कळतं. सगळ्या घरांत एकच फुलदाणी असते, दार लावलं की भिंत थरथरते, दूधवाला झालेला माणूस पुढच्या भागात हवालदार होऊन येतो. पण माणसं गप्प बसतात तेव्हा खरंच गप्प बसतात, मागे वाद्यं कोकलत नाहीत. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. आताच्या मालिकांत सासूने डोळे मोठे केले तर तीनदा वीज चमकते. इथे एका भागात एक म्हातारा नुसता चष्मा पुसत राहतो, पुसतच राहतो, आणि आपल्याला कळून चुकतं की याला सगळं ठाऊक आहे. ते बघताना रत्नाने हातातलं ताट खाली ठेवलं होतं. कारण त्या चष्मा पुसण्याचा आवाज तर येत नाही. म्हणजे तो म्हातारा तिने आज पहिल्यांदा पाहिला.

पहिले दोन भाग सोडले तर तिने ही मालिका पाहिलेलीच नव्हती. सगळी ऐकली होती. सतरा वर्षांची असताना ती कामथडीहून भोरला बहिणीकडे राहायला आली, अकरावी करायची आणि वैष्णवीला सांभाळायचं. रविवारी अकरा वाजता केळशीकर लागायचे. पहिले दोन रविवार ती खालीच बसली होती, वैष्णवीला मांडीवर घेऊन, दाराजवळ. तिसऱ्या रविवारी वारं सुटलं, अँटेना फिरली, चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या आल्या, आणि सगुणा म्हणाली, रत्ने, तू हलकी आहेस, पत्र्यावर चढ आणि दांडा धर. ती चढली. चित्र आलं. तिने हात काढला की गेलं, असं सगुणाने खिडकीतून ओरडून सांगितलं. मग ते ठरूनच गेलं. पावणेअकराला रत्ना शिडीवर. गावभर पक्के दांडे ठोकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरावरचा दांडा तारेने आवळलेला, आणि ती तार सैल, म्हणून मेव्हणीने धरायचा. पत्रा उन्हाने असा तापायचा की अनवाणी पाय ठेवता यायचा नाही, म्हणून ती सोमनाथच्या रबरी चपला घालायची. अंगठ्याजवळ त्याच्या पायाने खळगा पडलेला असायचा. त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून, डोक्यावर ओढणी घेऊन, एका हाताने दांडा धरून ती तासभर उभी राहायची. समोर नीरेचं पात्र, लांबवर धुरकट डोंगर, आणि पायाखालून केळशीकरांचा आवाज. त्या चपलांचं तिने कुणालाही सांगितलेलं नाही. देवालाही नाही, कारण देवांच्या ओळीत टोकाला कोण बसलंय ते तिला माहीत होतं.

आणि सगुणा वाईट होती म्हणावं तर तेही नाही. खाली उतरलं की लिंबाचं सरबत तयार असायचं. मग ती रत्नाला समोर बसवून सगळा भाग करून दाखवायची, केळशीकरांची मान, सुनेचा पदर, हवालदाराचं पोट. हसून हसून पुरेवाट. चोर कोण ते मात्र सांगायची नाही; केळशीकर शेवटी नुसतं बोट दाखवायचे, ते वर ऐकू यायचं नाही, आणि ही तूच ओळख म्हणायची. रत्नाला कधी ओळखता आलं नाही. सगुणाला पहिल्या दहा मिनिटांत ओळखू यायचं आणि ती कॉटवरून सोमनाथला सांगून टाकायची. तो चिडायचा, आदीच सांगू नगंस गं, आणि दोघं हसायची. ते हसणं पत्र्यातून वर यायचं. तळव्यांना कळायचं ते, असं रत्नाला वाटायचं. तेव्हा एकदा, एकदाच, तिच्या मनात आलं होतं की आपण खाली असायला हवं होतं आणि ही वर. पुढच्या वर्षी सगुणा खरोखरच गेली. त्यानंतर रत्नाने तो विचार पुन्हा केला नाही, पण केलेला विचार परत घेता येत नाही. हे घर, हा माणूस, ही पोर, सगळं तिला त्या एका विचाराच्या बदल्यात मिळालं होतं, अशी तिची पक्की समजूत होती. आणि त्यातही माणूस खरा मिळाला नव्हताच. तो चांगला वागला, कधी हात उगारला नाही, दुखलंखुपलं तर दवाखान्यात बसून राहिला. पण कर्तव्य म्हणून आणलेली बाई आणि बघून आवडलेली बाई यांच्यात जो फरक असतो तो ती रोज जेवायला वाढताना मोजत आली होती. या माणसाने आपल्याकडे कधी आपण म्हणून बघितलं का, एवढाच तिचा प्रश्न होता. बत्तीस वर्षांत तो विचारायची वेळ आली नव्हती, कारण उत्तर कॉटवर बसलेलं होतं, इस्त्रीच्या कपड्यांच्या जागी.

त्या कुरकुरीनंतर रत्ना बिघडली. दुसऱ्या दिवशी तिने वैष्णवीने दिवाळीला आणलेली जांभळी साडी काढली आणि टाकापुढे न ठेवता सरळ नेसली. सोमनाथने पाहिलं. दुपारी तो दुकानाकडे गेल्यावर तिने टीव्ही लावला. रिमोट तिला नीट येत नव्हता, पण हेव्याला अक्कल फार. पुढचा भाग तिने एकटीने शेवटपर्यंत बघून घेतला, आणि संध्याकाळी तोच भाग तो लावून बसल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला, पावटे निवडता निवडता, सहज म्हणावं तसं म्हणाली, की धाकट्या भावानं केलंय. सोमनाथ दचकला. चोर धाकटा भाऊच निघाला. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं होतं तसा तो हसला नाही. चिडलाही नाही. चारपाच दिवस तिने हा उद्योग चालवला, मुनीम, विधवा आत्या, संगीत शिकवायला येणारा मास्तर, एकामागून एक पकडून दिले. पाचव्या दिवशी सोमनाथ रिमोट हातात घेऊन म्हणाला, बघितलेल्या भागाच्या खाली ह्यो टीव्ही लाल रेघ मारतो. एवढंच म्हणाला आणि रेघ असलेला भाग लावला. रत्नाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने परीक्षेत कॉपी करताना सापडावं तसं झालं. त्या रात्रीची भाजी खारट झाली, ती दोघांनी मुकाट्याने खाल्ली.

शनिवारी वैष्णवीचा फोन आला. बाबा बघतात ना गं, खूश आहेत ना, असं तिने दोनदा विचारलं. मग अडखळत म्हणाली, "त्यांना खूप आवडायची म्हणे ही मालिका. म्हणजे, त्यांना दोघांना." रत्ना म्हणाली, व्हय, मोठीला आवडायची. पोरीने लगेच थंडी पडली का ते विचारलं. छत्तीस वर्षांची ही बाई, आपल्या जन्मदात्या आईचं नाव घ्यायला मला विचारतेय, आणि मीही तिला 'मोठी' देऊन वाटेला लावतेय. तू येशील का कार्तिकी झाल्यावर, असं काहीतरी विचारून तिने फोन ठेवला आणि टाक घासायला घेतला. चिंच लावून इतका घासला की बाईच्या नाकडोळ्यांचा उठाव आणखी थोडा कमी झाला. मग तिलाच रडू आलं. नाव न घेऊन घेऊन आपण सगळ्यांनी मिळून तिचा चेहरा झिजवलाय, असं वाटून आलं.

रविवारी सकाळी शेवटचा भाग होता. सोमनाथने मुद्दाम अकराला लावला. रत्नाने तो आधी बघितला नव्हता, रेघेच्या धाकाने तिने दुपारचा उद्योग सोडून दिला होता. ती आज मागे भिंतीला बसली नाही. कॉटवरचे कपडे उचलून तिने कॉटखाली सारले आणि कॉटच्या काठावर बसली. त्याने एकदा बघितलं, सरकायला जागा होती तरी पाय जवळ घेतले. केळशीकरांनी सगळ्या घराला बैठकीत गोळा केलं होतं. छत्री टेकवून ते उभे राहिले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी रत्नाच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं. "चोराला धरणं सोपं असतं, मंडळी." केळशीकर म्हणाले, चोराला धरणं सोपं असतं, मंडळी. पुढचंही तिला येत होतं. "कठीण असतं ते ज्याने पाहिलं आणि पाहून गप्प बसला, त्याला धरणं. त्याच्या हातात काही सापडत नाही." ती आणि केळशीकर एका दमात बोलत गेले, नेकलेस, तुळशीवृंदावन, मागच्या दाराची कडी, सगळं. सोमनाथ टीव्ही सोडून तिच्याकडे बघत राहिला. या भागाखाली रेघ नव्हती. तो तसं म्हणालाही. ती म्हणाली, बघितला न्हाई, ऐकलाय. वरून.

आणि म्हणता म्हणता ती थांबली. केळशीकर एकटेच पुढे बोलत राहिले. या भागाचा रविवार तिला लख्ख आठवत होता, शेवटचा म्हणून. खूप ऊन होतं. तिने नाक खाजवायला हात काढला होता आणि खालून सगुणा ओरडली होती, गेलं, सगळंच गेलं गं, नुसत्या मुंग्या, धर की नीट. आणि ती ओरडत असताना केळशीकर बोलत होते. एकही शब्द गळला नव्हता. गळला असता तर आज एवढं लांबलचक भाषण पाठ कुठून आलं असतं? टीव्ही दुरुस्त करणाऱ्याबरोबर बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको, की सगळं जाऊन नुसत्या मुंग्या येतात तेव्हा आवाजही जातो, नुसती खरखर उरते. तिने मागचे रविवार एकेक करून उघडले. मुनिमाचा, आत्याचा, गाण्याच्या मास्तरचा. प्रत्येक रविवारी सगुणा ओरडली होती आणि प्रत्येक वेळी मालिकेतलं माणूस शांतपणे पुढचं वाक्य बोलत होतं. खरखर फक्त एकदा झाली होती. तिसऱ्या रविवारी, वारं सुटलं तेव्हा. रत्ना सोमनाथकडे वळली. तिने पदर गुडघ्यावर ओढून घेतला, उगीच, आणि विचारलं.

"चित्र जात व्हतं का वो, खरंच?"

सोमनाथने आवाज बारीक करायला रिमोट उचलला आणि चुकून मोठा केला. मग बटण सापडलं. केळशीकर नुसते ओठ हलवू लागले. त्याने चष्मा काढला, घडी केली, पुन्हा उघडला.

"न्हाई," तो म्हणाला. "त्या वाऱ्याच्या वक्ताला गेलं तेवढंच. दुसऱ्या दिशी म्या तार आवळली व्हती."

"मग ती वरडायची ते?"

"वरडायची."

"आन तुमी शेजारी बसून ऐकत व्हता."

"ऐकत व्हतो."

बाहेर गल्लीतून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. रत्नाला त्या तापल्या पत्र्याचा वास आला, घामाचा, रबराचा. चोवीस रविवार. सगुणा सरबत द्यायची, नकला करून हसवायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा शिडीवर चढवायची. तर तिला कळलं होतं. त्या चपला, तो अंगठ्याचा खळगा, सगळं तिने पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं असणार, ती ओळखायचीच. रत्नाची मान आपोआप खाली गेली. तिने देव्हाऱ्याकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आता बोलून टाकावं, म्हणून ती म्हणाली, अगदी हळू, जमिनीकडे बघत, की चूक माझीच व्हती, माझ्या मनात तुमच्याबद्दल तवापासून व्हतं, आन ते ताईला दिसलं. सगुणा गेल्यानंतर ताई हा शब्द या घरात तिने पहिल्यांदा उच्चारला. तिला वाटलं आता काहीतरी पडेल, फुटेल. काही झालं नाही. स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

सोमनाथने टीव्ही बंद केला. काळ्या काचेत दोघं दिसत होती, तो खुर्चीत, ती कॉटवर, मध्ये हातभर जागा.

"तुजं काय व्हतं ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "सगुणाला बी नसंल. तुला वर चढवली ती माझ्यापायी. तू दाराशी पोरीला घिऊन बसलीस की माझं टीव्हीत ध्यान नसायचं, रत्ना. ते तिला दिसलं."